‘नाही’वरची खूण

निगॉनी, मिशिगन
८ जानेवारी २०२३

अर्विड काका,

तुझ्याकडच्या टपालाच्या विमानाला या महिन्यात तरी वेळेवर उडायची बुद्धी होवो, कारण मला उत्तर लवकर हवंय. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुझ्या त्या रेडिओ-फोनवर मी “आईची आई गेली” असं चारदा ओरडले आणि तू “कुठे गेली?” असंच विचारत राहिलास. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी आधी सांगते. मला लष्कराची शिष्यवृत्ती मिळाली आहे. चार वर्षांची, नर्सिंगसाठी. कॉलेजात शिकता शिकता अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घ्यायचं, पदवी मिळाली की लेफ्टनंट होऊन लष्करी दवाखान्यात नोकरी करायची. पूर्ण फी लष्कर भरणार. आईला सांगितलं तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच आली होती, हाताला कांद्याचा वास, तशीच खुर्चीत बसली आणि म्हणाली, “पुन्हा एकदा वाच.” मी तीनदा वाचलं.

पण मिळाली म्हणजे मिळालीच असं नाही. दोन अटी आहेत. एक म्हणजे विद्यापीठाने मला घेतलं पाहिजे. लष्कर फी देतं, प्रवेश देत नाही, तो ज्याच्या त्याच्या दारात जाऊन मिळवायचा. विस्कॉन्सिनच्या ऑल्डरमन विद्यापीठाने डिसेंबरात मला ना हो म्हटलं ना नाही, मार्चपर्यंत ताटकळत ठेवलंय. तिथल्या लष्करी विभागाच्या प्रमुख मेजर रेंटेरिया म्हणून एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, शिष्यवृत्तीवाली मुलगी आहे असं मी प्रवेश कचेरीला कळवते, त्याने पारडं थोडं झुकतं, पण निर्णय त्यांचाच.

दुसरी अट वैद्यकीय तपासणी. त्यासाठीच हे पत्र.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, जसाच्या तसा उतरवते: ‘वयाची तेरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर आपल्याला कधी दमा, छातीत घरघर किंवा श्वास कोंडणे असा त्रास झाला आहे का, अथवा इन्हेलर वापरावा लागला आहे का?’ समोर दोन चौकटी. हो आणि नाही. खाली सही.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, काका. त्या उन्हाळ्यात तुझ्याकडे होते, जंगलं पेटली होती, धुराने दुपारी दिवे लावावे लागत होते. तू मला उचलून होडीत घातलंस आणि गावातल्या दवाखान्यात नेलंस. तिथे फेक्ला नावाची ती नर्स होती. मास्क माझ्या तोंडावर धरून ती माझ्याबरोबर श्वास मोजत बसली होती, एक आत, दोन बाहेर, जणू तिला दुसरं कामच नव्हतं. मी नर्स व्हायचं ठरवलं ते त्या खाटेवर. आणि आता त्याच खाटेमुळे ते हातचं जाईल की काय असं वाटतंय.

आईला आपण सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने मला पुन्हा तुझ्याकडे पाठवलं नसतं. म्हणजे हे तुला, मला आणि फेक्लालाच माहीत आहे. त्यानंतर एकदाही त्रास नाही. शाळेच्या संघातून पळते, स्की करते. काय लिहू?

ब्रेना


कासिलूक खाडी, अलास्का
२४ जानेवारी २०२३

ब्रेना,

तुझं पत्र विमानवाल्याने बर्फात फेकलं आणि मी ते तिथेच उभ्याने वाचलं. मग आत जाऊन पुन्हा वाचलं. इथे मला ऐकायला कोणी नाही. मासे डब्यात भरायचा सबंध कारखाना हिवाळाभर बंद, राखणदार मी एकटा. तेव्हा मी कन्व्हेयर पट्ट्यांना सांगितलं की माझी पुतणी लेफ्टनंट होणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तुझा बाप असता तर त्याने निगॉनीच्या प्रत्येक बारमध्ये जाऊन सांगितलं असतं आणि शेवटच्या बारमधून त्याला घरी आणायला मला जावं लागलं असतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. ‘नाही’ लिही.

धूर होता. कोणालाही झालं असतं. माझेही डोळे आठवडाभर सुजले होते. त्याला दमा म्हणायचं तर अर्ध्या अलास्काला दमा आहे. दवाखान्याचा कागद कुठल्या तरी खोक्यात पडला असेल आणि फेक्ला दोन वर्षांपूर्वीच मुलीकडे अँकरेजला राहायला गेली. कोण शोधतंय?

तुला एक गोष्ट सांगतो, आईला सांगू नकोस. मी भरती झालो तेव्हा माझा डावा कान जवळजवळ बंदच होता. लहानपणी पू झाला होता. ऐकण्याच्या तपासणीला आम्हाला रांगेत बसवलं, कानावर यंत्र, आवाज आला की बटण दाबायचं. शेजारच्या मुलाचा अंगठा हलला की मी माझा हलवायचो. तो पास झाला, मीही पास झालो. असे फॉर्म पाळायला बसलं तर सैन्यात कोणीच उरणार नाही. भर आणि पाठवून दे.

इथे उणे तीस. पाइप फुटू नयेत म्हणून रोज चार तास स्टोव्हशी भांडतो.

अर्विड काका


निगॉनी
१९ मार्च २०२३

काका,

झालं! ऑल्डरमनने प्रवेश दिला. मंगळवारी शाळेत गणिताच्या तासाला कळलं, मी ओरडले आणि मिस्टर पेल्कींनी हातातला खडू खाली टाकला.

फॉर्म फेब्रुवारीतच भरला होता. ‘नाही’वर खूण केली, सही केली. तुझा अंगठा आठवला आणि हसू आलं. मार्क्वेट शहरातल्या डॉक्टरांनी छाती ऐकली, म्हणाले, घोड्यासारखी आहे. लष्कराच्या वैद्यकीय मंडळाचं पत्रही आलं, वैद्यकीयदृष्ट्या पात्र.

पैशांचं कसं ठरलं ते सांगते, म्हणजे आई का रडली ते कळेल. आमची परिस्थिती बघून विद्यापीठाने आधी स्वतःची बरीच मोठी मदत देऊ केली होती. मग त्यांना लष्कराची शिष्यवृत्ती कळली आणि त्यांनी ती मदत काढून घेतली, की तुझी फी भरली गेली, आता हे दुसऱ्या कोणाला देऊ. पण लष्कराच्या मुलांना ते राहणं-जेवण फुकट देतात. म्हणजे एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने दिलं, आणि आमच्या वाट्याला खर्च शून्य. आई कागद घेऊन तासभर बसली होती. मग म्हणाली, “म्हणजे मला काहीच करायचं नाही?” जणू तिला कामावरून काढलं होतं. मग रडली.

इथल्या सरकारी विद्यापीठात मिळालेली नर्सिंगची जागा मी परवा सोडून दिली. लगेच यादीतल्या पुढच्या मुलीला गेलीसुद्धा.

बाकी सगळं ठीक. गेल्या शनिवारी शर्यतीत शेवटच्या चढावर छाती आवळल्यासारखी झाली, थांबावं लागलं, पाचवी आले. थंडी भयंकर होती आणि सकाळी मी बटाटा-मांस भरलेल्या दोन पेस्टी खाल्ल्या होत्या. प्रशिक्षक म्हणाले, बटाटा वर आला असेल.

पदवीदानाला तू गणवेशात यायचं. पहिला सॅल्यूट आपल्या माणसाने करायचा असतो.

ब्रेना


कासिलूक खाडी
२८ मार्च २०२३

ब्रेना,

अभिनंदन लिहायला घेतलं होतं. तीन कागद फाडले. कारण तुझ्या पत्रातल्या त्या चार ओळी मला सोडत नाहीत. छाती आवळली आणि तू थांबलीस. तू कधी थांबत नाहीस.

मला खरं सांग. हे पहिल्यांदाच झालं का?

मी तुला जानेवारीत अंगठ्याची गोष्ट सांगितली. ती अर्धीच होती. उरलेली कधी कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या बापालाही नाही.

दोन हजार चार साली, इराकमध्ये, सकाळी दहाच्या सुमारास, लख्ख उन्हात, मी एक ट्रक मागे घेत होतो. मागे डाव्या बाजूला टोबिन नावाचा मुलगा मला वाट दाखवत होता. एकवीस वर्षांचा, केंटकीचा. तो मला थांब म्हणून ओरडला. सगळ्यांनी ऐकलं. पंचवीस पावलांवर चहा पीत बसलेल्यांनीसुद्धा ऐकलं. मी ऐकलं नाही. मागे भिंत होती.

चौकशी झाली. इंजिनाचा आवाज, धूळ, अपघात. माझा कान कोणी तपासला नाही, कारण कागदावर माझा कान चांगला होता. टोबिनच्या आईला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, त्याला वेदना झाल्या नाहीत. तेही खोटं होतं.

मी इथे येऊन राहिलो ते मासे आवडतात म्हणून नाही.

तू नर्स होणार. उद्या कुठल्या तरी धुरात, धुळीत तुझ्या भरवशावर कोणीतरी पडलेलं असेल आणि तुझीच छाती बंद होईल. तो माणूस तुझ्या फॉर्मवरच्या खुणेमुळे मरेल आणि ती खूण मी करायला लावलेली असेल. मी तुला हसत हसत सल्ला दिला. त्या दिवशी मला काय झालं होतं कोण जाणे. तुझा आनंद बघून माझी जीभ सुटली असेल.

मंडळाला तू स्वतः लिही, की चूक झाली, दुरुस्त करायची आहे. लवकर लिही. मी दवाखान्याकडून तो जुना कागद मागवलाय. तुला लागेल.

काका


निगॉनी
९ एप्रिल २०२३

काका,

मी तुला विचारलं होतं. जानेवारीत. सही करायच्या आधी. तेव्हा तू टोबिनचं का नाही सांगितलंस?

मी काही लहान मुलगी नाही, तुझं दुःख कळतं. पण तुझा ट्रक माझ्या अंगावर का घालतोस? तुझा कान खरंच बंद होता. माझी छाती बंद नाही. त्या दिवशी थंडी होती. नंतर मी चार वेळा त्याच चढावर गेले, काहीही झालं नाही.

तू म्हणतोस, मंडळाला लिही. लिहिलं तर काय होईल ते कळतं का तुला तिथे बसून? पात्र म्हटलंय ते अपात्र होईल. शिष्यवृत्ती थांबेल. ती थांबली की राहणं-जेवण गेलं, आणि विद्यापीठाची मदत तर आधीच दुसऱ्याला गेली. इथली जागा मी सोडली. म्हणजे खाली एकही फळी नाही. १ मेपर्यंत कॉलेजला होकार द्यायचा असतो. आईने शाळेतल्या सगळ्या बायकांना सांगितलंय. त्यांनी माझ्यासाठी केक केला, त्यावर तारा काढला.

तुझ्या मनाला शांती हवी म्हणून मी माझं आयुष्य देऊ? तुझं ओझं आहे, तूच उचल.

तुझं पत्र मी फाडून टाकलं. मला आता लिहू नकोस.

ब्रेना


निगॉनी
१७ एप्रिल २०२३

काका,

मागचं पत्र टाकून आठ दिवस झाले. ते तुला मिळालं असेल, हे त्याच्या मागोमाग मिळेल. ते विसर म्हणत नाही, पण त्याच्यापाशी थांबू नकोस.

मी फाडलेलं तुझं पत्र आईला कचऱ्यात सापडलं. तिने सगळे तुकडे चिकटपट्टीने जोडले. शुक्रवारी मी घरी आले तर ते टेबलावर होतं आणि ती समोर कोट घालून बसली होती, जणू कुठे जायला निघाली होती. मी तिला त्या उन्हाळ्यातलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ती खोट्याबद्दल बोलेल. तिने विचारलं, “त्या दिवशी अलास्कात तुझे ओठ निळे झाले होते का?” मी हो म्हटलं. “आणि मी इथे बसून त्या रात्री टीव्ही बघत होते,” ती म्हणाली. एवढंच. मग तिने कोट काढला.

कोट खुंटीला लावून ती म्हणाली की काय करायचं ते मीच ठरवायचं, ती एका शब्दाने सांगणार नाही. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

टोबिनचं नाव माझ्या डोक्यातून जात नाही. वर्गात बसले की आठवतं. पळताना आठवतं. आणि खरं सांगायचं तर तुला लिहिलं तेही पूर्ण खरं नव्हतं. छाती तीनदा आवळली. कशामुळे ते मला माहीत नाही. त्या सहीचा विचार आला की आवळते, असंही असेल. पण मला माहीत नाही आणि मी ‘नाही’ लिहिलंय.

मी सांगणार आहे. मेजर रेंटेरियांची शुक्रवार २८ तारखेची वेळ घेतली आहे. पत्राने किंवा फोनवर नाही, समोर बसून सांगायचं. ज्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचं. मग त्यांना विचारून मंडळाला लिहीन. आई सुट्टी काढून गाडी चालवणार आहे, पाच तासांचा रस्ता.

भीती इतकी वाटते की जेवण जात नाही. पण ठरलं. तू काही करू नकोस. दवाखान्याचा कागद आला असेल तर मला पाठव, म्हणजे मी स्वतः देईन.

ब्रेना


कासिलूक खाडी
१८ एप्रिल २०२३

ब्रेना,

तुझं ९ तारखेचं पत्र आज विमानाने आलं. वैमानिक चहा पिईपर्यंत थांबणार आहे, तेवढ्यात लिहितो.

तू बरोबर आहेस. ओझं माझं आहे. म्हणून मीच उचलतोय. दवाखान्याचा कागद मागच्या आठवड्यात आला. त्यावर लिहिलंय, ‘दम्याचा झटका असावा’, तारीख, तुझं नाव, फेक्लाची सही. तो आणि माझं एक पत्र मी वैद्यकीय मंडळाच्या पत्त्यावर याच विमानाने पाठवतोय. पत्रात लिहिलंय की मुलीने माझ्या सांगण्यावरून ‘नाही’ लिहिलं, दोष माझा, मुलगी सरळ आहे.

तू मला कधी क्षमा करणार नाहीस हे माहीत आहे. पण तू जिवंत असशील आणि तुझ्यामुळे कोणी मेलेलं नसेल. एवढं मला पुरे.

तो इंजिन चालू करतोय.

काका


निगॉनी
३० एप्रिल २०२३

काका,

परवा काय झालं ते लिहिते. तुला ते कळलंच पाहिजे.

मेजर रेंटेरियांच्या खोलीत आम्ही दहाला गेलो. मी रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं. आई बाहेर बसली. मी आत जाऊन उभी राहिले, बसले नाही. म्हटलं, “मला माझ्या वैद्यकीय फॉर्मबद्दल एक दुरुस्ती सांगायची आहे.”

त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्याकडे फिरवला. दवाखान्याचा कागद. खाली फेक्लाची सही. शेजारी तुझं पत्र, तुझं ते वाकडं अक्षर. मंडळाला ते बुधवारी पोचलं, त्यांनी गुरुवारी मेजरना पाठवलं आणि मी शुक्रवारी पोचले.

मी म्हटलं, “मी हेच सांगायला आले होते. मला माहीत नव्हतं हे आलंय.”

त्या म्हणाल्या, “वेळ तू अकरा दिवसांपूर्वी घेतलीस, म्हणून माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण फाइलमध्ये मी नाही, तारखा आहेत. फाइल सांगते की आधी लपवलं, मग पकडली गेली, मग कबूल केलं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी रोज ऐकतेय. धुरात एकदा झालेला त्रास, पुढे काही नाही, फुफ्फुसाची तपासणी स्वच्छ, अशांना सूट मिळते. बऱ्याचदा मिळते. दोन-तीन महिने लागतात, तपासण्या होतात, कंटाळा येतो, पण मिळते. “फेब्रुवारीत ‘हो’ लिहिलं असतंस तर हा अर्ज मी स्वतः पुढे ढकलला असता,” त्या म्हणाल्या. आता प्रश्न फुफ्फुसाचा नाही, सहीचा आहे. शिष्यवृत्ती स्थगित. मंडळ ठरवेल, पण आशा धरू नकोस असं त्या म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या. दारापर्यंत आल्या.

नंतर आम्ही आर्थिक मदतीच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस सभ्य होता. प्रवेश कायम आहे म्हणाला, या हवं तेव्हा. पण मदत वाटून संपली, अपील करा, बघू, पानगळीच्या आधी काही सांगता येत नाही. आईने विचारलं, “आधी देणार होतात ती?” तो म्हणाला, “ती तुमची होती, पण तुम्हाला लष्कराची मिळाली म्हणून दुसऱ्या मुलाला दिली. त्याच्याकडून परत कशी घेऊ?” आई म्हणाली, “नका घेऊ.”

उद्या १ मे. माझ्याकडे होकार द्यायला जागा आहे आणि जायला वाट नाही.

तुझं १८ तारखेचं पत्र काल आलं, आम्ही परतल्यावर. तू दहा दिवस थांबला असतास तर. एवढंच लिहायचं आहे. तू जानेवारीत एक क्षण थांबला असतास, किंवा एप्रिलमध्ये दहा दिवस. दोन्ही वेळा तू माझं आयुष्य तुझ्या घाईने चालवलंस.

ब्रेना


कासिलूक खाडी
१४ मे २०२३

ब्रेना,

तुझं १७ तारखेचं पत्र आणि ३० तारखेचं, दोन्ही एकाच पिशवीतून आली. वादळात तीन आठवडे विमान नव्हतं. मी १७ तारखेचं आधी उघडलं. त्यात तू म्हणतेस, काही करू नकोस. मग दुसरं उघडलं.

फोन केला. कारखान्याच्या कचेरीत जाऊन, आवाज पूर्ण वाढवून, उजवा कान लावून. तिकडे कोणीतरी उचलला. कोण ते कळलं नाही, नुसती खरखर आणि मधे मधे माणसाचा आवाज. मी बोलत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग लाइन गेली.

मंडळाला दुसरं पत्र लिहिलंय. तुझ्या १७ तारखेच्या पत्राची पाकिटासकट नक्कल जोडली आहे, टपालाचा शिक्का दिसेल अशी. माझं पत्र जायच्या आदल्या दिवशीचा शिक्का आहे. पण हे पत्र मी तुला न विचारता पाठवणार नाही. टेबलावर ठेवलंय. हो असेल तर एक ओळ लिही.

काका


कासिलूक खाडी
११ जून २०२३

ब्रेना,

हंगामाची माणसं आली आहेत. दोनशे जण. गोंगाट आहे म्हणतात.

तुझी ओळ आली नाही. पत्र टेबलावरच आहे. तू नुसतं ‘नको’ एवढंच लिहिलंस तरी चालेल.

काका


कासिलूक खाडी
२३ जुलै २०२३

डेनीस वहिनी,

ब्रेना कशी आहे एवढं कळवाल का? तिला सांगितलं नाहीत तरी चालेल. मी पुन्हा कधी लिहू नये असं तिचं म्हणणं असेल तर तेही कळवा. मी ऐकेन.

अर्विड


निगॉनी
२७ ऑगस्ट २०२३

काका,

आईने तुझं पत्र मला दिलं. म्हणाली, तुझं उत्तर तू दे, मी तुमच्या दोघांच्या मधे आणखी एक पत्र घालणार नाही.

एकेक सांगते.

मंडळाने जूनमध्ये शिष्यवृत्ती रद्द केली. तुझं टेबलावरचं पत्र मागवावं असं मला एकदा वाटलं होतं. मागवलं नाही. माझ्या बाजूने तू आणखी काही बोलावंस हे मला सहन झालं नसतं. मेजर रेंटेरियांनी शिक्क्याचं पाकीट नसतानाही माझ्यासाठी लिहिलं होतं. उपयोग झाला नाही. ऑल्डरमनचं अपीलही गेलं.

जूनमध्येच मार्क्वेटला फुफ्फुसाची तपासणी केली. मेजर म्हणाल्या होत्या, तुझ्यासाठी म्हणून तरी कर. एका काचेच्या खोलीत बसवून औषध हुंगायला देतात, दमा असेल तर श्वास आवळतो. माझा आवळला नाही. दोनदा केलं. मला दमा नाही, काका. कधीच नव्हता. तो धूर होता, तू म्हणालास तसा, आणि मार्चमध्ये छाती आवळत होती ती भीतीने. डॉक्टरांनी अहवाल दिला तेव्हा त्या म्हणाल्या, चांगली बातमी आहे. मी गाडीत बसून इतकी रडले की आईला किल्ली लावता येईना.

वाईट याचं वाटतं की खरं आपल्या बाजूचं होतं. आपण दोघं उगाच त्याला घाबरलो.

मे महिन्यातला तो फोन मी उचलला होता. तू जे बोललास ते सगळं ऐकलं. मीही बोलत होते, ओरडत होते, खूप वाईट बोलले. तुला ऐकू आलं नाही हे बरं झालं. तू रडत होतास. मी तुला कधी रडताना ऐकलं नव्हतं. मग मीच फोन ठेवला. लाइन गेली नव्हती.

आता मी इथल्या वृद्धाश्रमात मदतनीस आहे. अंघोळी घालते, कूस बदलते, भरवते. सहा महिन्यांनी सरकारी विद्यापीठात नर्सिंगला पुन्हा अर्ज करता येईल, आधी साधे विषय जानेवारीपासून घेईन. तिथेही लष्करी विभाग आहे. एक दिवस दारापर्यंत जाऊन आले. तिथल्या सार्जंटने सांगितलं की नाव फाइलमध्ये राहतं, अर्ज करायला बंदी नाही, पण मिळेलच असं तो म्हणणार नाही. करीन की नाही ते ठरलेलं नाही. ठरलं तर माझं मी ठरवलेलं असेल.

क्षमा वगैरे मला अजून जमत नाही. जमल्याचं ढोंगही करणार नाही, आपलं दोघांचं पुरेसं खोटं लिहून झालंय. पण तुझ्या त्या तिथे, दोनशे माणसं निघून गेल्यावर, हिवाळाभर तू एकटा कन्व्हेयर पट्ट्यांशी बोलत राहावंस असंही मला वाटत नाही.

तर लिही. पण यापुढे मला सल्ला देऊ नकोस. मी काय करावं, काय करू नये, काय केलं असतं तर काय झालं असतं, यातलं एक अक्षर नको. मासे लिही, वारा लिही, स्टोव्ह लिही. बाकी काहीही लिही.

ब्रेना


कासिलूक खाडी
१२ सप्टेंबर २०२३

ब्रेना,

आज वारा आग्नेयेकडून आहे. सकाळी पाऊस पडला, दुपारनंतर थांबला. शेवटची बोट शनिवारी गेली. गोदामाच्या पश्चिमेकडच्या छपराचे दोन पत्रे उडाले, ते बसवले. खाडीत सील आले आहेत, नऊ मोजले, दहावा असावा पण तो वर आला नाही. चंदेरी सॅमन अजून वर चढतायत, उशिराचे, रंग गेलेले. स्टोव्हची नळी नवी घातली. धूर आता आत येत नाही.

पहिला बर्फ डोंगरावर दिसतोय, खाली आलेला नाही.

तुझं पत्र मिळालं. त्यावर मी बरंच लिहिलं होतं, पण वाचून बघितलं तर त्यातला बहुतेक भाग सल्लाच निघाला. तो खोडला आहे. उरलं ते हे.

काका